वीस मिनिटं यमीमा, वीस मिनिटं आशेर

१० जून २०२५, मंगळवार

आजपासून रोजनिशी. डायरी बेअरिंगच्या सप्लायरनं दिलेली, जानेवारीपासून कोरी. सव्वापाच महिने वाया गेले असं नाही. इरादा पक्का व्हायला वेळ लागतो.

निमित्त: पाळकसाहेबांचा फोन. १३ जुलैला आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुटुंब रविवार. वीस मिनिटं बोलायचं. विषय, मुलांना वाटून घ्यायला कसं शिकवावं. आधी साळवे ब्रदरना विचारलं होतं, पण ते त्या दिवशी नाशिकला आहेत. त्यानंतर पाळकसाहेबांच्या डोळ्यांसमोर मीच आलो.

माणूस बरोबर निवडला. वाळूजच्या कंपनीत चौदा वर्षं क्वालिटीला आहे. दिवसाला चार हजार पार्ट माझ्या टेबलावरून जातात. घरी फक्त दोन आहेत. यमीमा, वय नऊ, घरी मिमी. आणि आशेर, वय सहा.

सध्याची परिस्थिती: सायकल एक, मुलं दोन. मे महिन्यात मुद्दामच एक घेतली. दोन घेतल्या असत्या तर मुलं स्वार्थी झाली असती. शिवाय पार्किंगमध्ये जागा नाही. पण मुख्य कारण पहिलं.

शर्लीला भाषणाचं सांगितलं. ती म्हणाली, अजून महिना आहे, तोवर शिकव म्हणजे झालं. बायकोचा पाठिंबा असला की अर्धं काम होतं.

११ जून

हॉलमध्ये व्हाइट बोर्ड लावला. लग्नाचा फोटो होता तिथं. फोटो तात्पुरता कपाटावर.

सिस्टीम सोपी. वीस मिनिटं यमीमा, वीस मिनिटं आशेर. लाल चुंबक तिचा, निळा त्याचा. मोबाइलवर अलार्म. तक्रार आली की बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात एक रेघ. रोजच्या रेघांचा ग्राफ काढायचा आणि भाषणात दाखवायचा.

१२ जून

तक्रारी: एकोणीस.

काळजीचं कारण नाही. सुरुवातीचा आकडा मोठा असलेला बरा. सुधारणा उठून दिसते.

१४ जून, शनिवार

आशेर त्याच्या वीस मिनिटांत सायकल चालवत नाही. पार्किंगमध्ये नुसता सीटवर बसून राहतो. खाली जाऊन विचारलं, का रे चालवत नाहीस? म्हणाला, दमलो. मग उतर, मिमीला दे, म्हणालो. म्हणाला, माझी अजून अकरा मिनिटं आहेत.

बोर्ड बघितला. खरंच अकरा होती. पोराला निदान घड्याळ कळायला लागलं.

१५ जून, रविवार

संध्याकाळी योएलचा फोन. योएल म्हणजे माझा धाकटा भाऊ. जालन्याला स्टीलच्या कारखान्यात वजनकाट्यावर असतो. त्याच्या दीपमालाला आठवा महिना लागला. लग्नाला अकरा वर्षं झाली, हे पहिलंच. डॉक्टरनं पलंगावरून खाली उतरायचं नाही म्हणून सांगितलंय. योएलनं विचारलं, आईला थोडे दिवस पाठवता येईल का. बाळ महिन्याचं होईपर्यंत. म्हणाला, दादा, आधी तू हो म्हण, मग मी आईशी बोलतो. तुझ्या घराची घडी मोडून तिला कात्रीत धरायचं नाही मला.

चांगला मुलगा आहे. रीत कळते.

आता आई चौतीस वर्षं जालन्याच्याच मिशन दवाखान्यात सिस्टर होती. त्यातली बावीस बाळंतपणाच्या वॉर्डात. तिथं तिचा उपयोग आहे हे मला दिसतं. पण इथं शर्लीची शाळा, माझ्या शिफ्टा, मुलं दीड वाजता घरी. आणि सायकलीची सिस्टीम ऐन ट्रायलमध्ये. मधेच घरातलं माणूस बदललं की सगळा डेटा बिघडतो.

त्याला म्हणालो, प्रार्थना करून सांगतो.

आईला काही बोललो नाही. तिला बीपी आहे. (आज बघितलं, एकशेवीस-ऐंशी. तरी.)

१७ जून

कंपनीत बिघाडाचं मूळ शोधायला पाच वेळा 'का' विचारतात. आज घरी वापरलं.

का भांडलात? त्यानं सायकल दिली नाही. का दिली नाही? माझा नंबर संपला नव्हता. का संपला नव्हता? मी मधे पाणी प्यायला गेलो, तो वेळ धरायचा नसतो. का धरायचा नसतो? बोर्डावर तसं काही लिहिलेलंच नाही, पप्पा, बघा.

पाचवा 'का' वेळेअभावी राहिला.

तक्रारी: सव्वीस. यातल्या चार सायकलीबद्दल नाहीत, बोर्डाबद्दल आहेत. त्या वेगळ्या धरायला हव्यात.

१९ जून, गुरुवार

सायकल जरा बाजूला ठेवून आंब्यावर प्रयोग. एक कापेल, दुसरा आधी निवडेल. यात अन्याय होऊच शकत नाही.

मिमीनं कापला. कोय वगळता बरोबर अर्धा. कोयीचं काय, यावर चर्चा सुरू झाली. आशेर म्हणाला, कोय म्हणजे पण आंबाच. मिमी म्हणाली, कोय चोखायला वेळ लागतो, तर ज्याला कोय त्याला वेळही जास्त. पाऊण तास गेला. तक्रार नको म्हणून कोय मी खाल्ली. मग फाळी मोठी कुठली यावर सुरू झालं, तर दोन्हीतला थोडा थोडा भाग मी काढून घेतला. समान होईपर्यंत.

आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. म्हणाली, "तू लहानपणी पण असंच न्याय करायचास. योएल रडत यायचा."

मला आठवत नाही.

२२ जून, रविवार

योएलचा दुसरा फोन. दीपमालाच्या पायाला सूज. शेजारच्या बाई येऊन जेवण करून जातात, पण त्याही किती दिवस येणार. विचारत होता, प्रार्थनेत काही कळलं का.

मी परिस्थिती समजावून सांगितली. इथं नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. किती वाजता येईल ते कुणी सांगत नाही. ते भरायला दिवसभर घरी माणूस लागतं. तो म्हणाला, हो, ते आहेच.

मग तो गप्प बसला. फोनवर कुणी गप्प बसलं की मला काहीतरी बोलावंच लागतं. मी म्हणालो, आईलाही हल्ली प्रवास झेपत नाही. तीच म्हणत होती.

तसं ती म्हणाली नाही. पण विचारलं असतं तर म्हणाली असती. साठ किलोमीटर म्हणजे थोडं नाही, आणि तो जालना रोडचा ट्रॅफिक.

योएल म्हणाला, बरं दादा, मग राहू दे. तिला सांगू नकोस, उगीच जीवाला लावून घेईल.

मामला शांततेत मिटला. भाषणाचा पहिला मुद्दा सुचला: वाटून घेण्याआधी समोरच्याची गरज ओळखावी.

२६ जून, गुरुवार

प्रार्थनेनंतर मुलांना शलमोन राजाची गोष्ट सांगितली. दोन बाया, एक बाळ, दोघी म्हणतात माझं. राजा म्हणतो तलवार आणा, अर्धं अर्धं करून देतो. तेव्हा खरी आई म्हणते, नको, तिलाच द्या. त्यावरून राजा ओळखतो आणि बाळ खऱ्या आईला देतो.

आशेरनं विचारलं, आपल्याकडं लोखंड कापायची करवत आहे का.

मिमीनं मात्र बोर्डाकडं बघितलं. मग म्हणाली, सायकल आशेरला द्या, मला नको. मी चष्मा पुसला. इतक्या लवकर फळ दिसेल असं वाटलं नव्हतं. तेवढ्यात आशेर म्हणाला, नको, मिमीलाच द्या. ती म्हणाली, मी आधी बोलले. तो म्हणाला, मी जास्त मोठ्यानं बोललो.

शर्लीचं मत, दोघांनाही गोष्टीचा शेवट कळलाय. शिक्षकी पेशानं माणूस संशयी होतो.

२८ जून, शनिवार

तक्रारी: शून्य. सलग दोन दिवस.

दोघंही सायकलीला हात लावत नाहीत. जो चालवेल तो खोटा ठरेल असं त्यांचं म्हणणं. सायकल पार्किंगमध्ये उभी. ग्राफ एकदम खाली आलाय. इतकी सरळ उतरती रेघ मी कंपनीतही कधी काढली नाही.

२९ जून, रविवार

संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना. सगळे हजर. आशेरनं नेहमीप्रमाणे ट्यूबलाइटमागच्या पालीसाठी प्रार्थना केली. मग मिमीचा नंबर. डोळे घट्ट मिटून म्हणाली, "हे प्रभू, दीपमालाकाकूचे पाय बरे कर. बाळाला सांभाळ. आणि आजीला जालन्याला पाठवायचं का नाही, ते पप्पांना लवकर कळू दे, कारण योएलकाका लई दिवस थांबलाय. आमेन."

मी एक डोळा उघडला. आईचे दोन्ही उघडे होते.

 तिचा नंबर आला तेव्हा नेहमीची प्रार्थना केली, शब्द न बदलता. मग जेवताना म्हणाली, वरणात मीठ कमी पडलं.

फोन कानाला लावून गॅलरीत बोललं की मुलांना ऐकू जातं. नोंद घेतली.

३० जून

आई काही विचारत नाही. चांगलं लक्षण. समजूतदार आहे.

आज तिनं माझे तिन्ही शर्ट इस्त्री केले. माळ्यावरून तिची निळी बॅगही काढली आणि पुसून उन्हात ठेवली. कपाट आवरत असावी.

१ जुलै, मंगळवार

पुढाकार माझाच असावा म्हणून बसून आईचं वेळापत्रक केलं. एक आठवडा इथं, एक आठवडा जालना. पाणी येण्याचा दिवस आणि माझी दुसरी शिफ्ट असेल तो आठवडा इथंच. इकडचे दिवस हिरवे, तिकडचे पिवळे. मुलांचा बोर्ड रिकामाच होता, त्याच्यावरच काढलं. हिरवं थोडं जास्त झालं, पण ते पाण्यामुळं.

आईला बोलावलं. चष्मा लावून ती बोर्डासमोर बराच वेळ उभी राहिली.

"बाळंतपण हिरव्यात आलं तर?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, अपवादाचा कॉलम ठेवता येईल.

"प्रफुल्ल, सायकलीला विचारावं लागत नाही, तिला कुठं जायचंय. मला विचारता आलं असतं."

मुद्दा बरोबर होता. मी लगेच 'आईची संमती' असा कॉलम टाकला.

तिनं तो वाचला. मग खुर्चीत बसली आणि म्हणाली, "योएलला आज फोन केला मी. मला प्रवास झेपत नाही असं मी कधी म्हणाले?"

मी म्हणालो, तसं नेमकं नाही, सर्वसाधारण.

वॉर्डात पेशंटला चोरून भजी खाऊ घालणाऱ्या नातेवाइकांकडं ती ज्या नजरेनं बघायची, तसं तिनं माझ्याकडं बघितलं. मी लहानपणी ते दवाखान्याच्या पायऱ्यांवरून खूपदा बघितलेलं आहे. त्यांच्यावर ती कधी ओरडायची नाही. पेशंटचं ताट उचलून घ्यायची.

"तुझ्याकडं मी तीन महिन्यांसाठी आले होते," ती म्हणाली. "आशेर झाला तेव्हा. तो पहिलीला गेला आता."

मग पोळ्या करायला उठली. आशेरला दोन, मिमीला दोन, मला तीन. नेहमीइतक्याच.

२ जुलै, बुधवार, दुपारी ४

शिफ्टवरून आलो तर निळी बॅग दारात. आत चार पातळं, बीपीचं मशीन, आणि पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकायची तिची जुनी लाकडी नळी. मी म्हणालो, रविवारपर्यंत थांब, मी नेऊन सोडतो. ती म्हणाली, बाळाला वार कळत नाहीत.

शर्ली आणि मुलं सिडको बसस्टँडपर्यंत सोडायला गेली. मीही जाणार होतो, पण आज पाण्याचा दिवस. घरी कुणीतरी लागतं.

संध्याकाळी ७

पाणी आलं नाही.

५ जुलै, शनिवार

घर व्यवस्थित चाललं आहे. आई नेमकं काय काय करत होती याची यादी केली, म्हणजे कामं वाटून घेता येतील. वाटून घेणं हाच तर विषय.

दीड वाजता रिक्षातून मुलांना उतरवून घेणं. आशेरच्या कानात थेंब. दूधवाल्याला डबा. मिमीची वेणी. डाळ निवडणं. माझ्या डब्यातला लोणच्याचा छोटा डबा (हा आपोआप येतो असं मला वाटत होतं). गॅसचा नंबर लावणं. शर्ली दमून आली की तिच्याशी कुणीतरी चहाला बसणं.

चौतिसाव्या ओळीला यादी थांबवली. पान संपलं.

७ जुलै

संध्याकाळी आजीला फोन, तर आधी कोण बोलणार यावरून भांडण. बोर्ड पुसून नवीन सिस्टीम: पाच मिनिटं यमीमा, पाच मिनिटं आशेर. चुंबक सापडेना. तो शोधेपर्यंत पलीकडून आईचा आवाज आला, "अरे, स्पीकर लावा की." मिमीनं बटण दाबलं. दोघं पंचवीस मिनिटं बोलले.

स्पीकरचा पर्याय माझ्याही डोक्यात होता.

माझ्याशी आई थोडंच बोलली. जेवलास का विचारलं. दीपमालाची सूज उतरली म्हणाली. मी म्हणालो, कधी येतेस? ती म्हणाली, आवाज कट होतोय. मला तर नीट ऐकू येत होतं.

१० जुलै, गुरुवार

पाणी आज सकाळी अकराला येऊन गेलं. घरी कुणी नव्हतं. संध्याकाळी घाबरत टाकी उघडली तर काठोकाठ. खालच्या मजल्यावरच्या चतुराबाईंनी वर येऊन भरली होती. आई जाताना त्यांच्याकडं किल्ली देऊन गेली होती. मला सांगितलं नव्हतं.

चतुराबाई म्हणाल्या, तुम्ही विचारलं नसेल.

१२ जुलै

उद्या भाषण. तयारी जय्यत. ग्राफ चार्टपेपरवर काढला. सायकल मंडळीत न्यायचं ठरवलं. प्रात्यक्षिकच दाखवायचं. दोन्ही मुलांना समोर बोलावून विचारायचं, आज कुणाचा नंबर? ते एकमेकांकडं बोट दाखवतील. मी मागं उभा राहीन आणि काही बोलणार नाही.

मुलांकडून तीन वेळा करून घेतलं. तिन्ही वेळा बरोबर. चौथ्यांदा आशेर झोपला.

१३ जुलै, कुटुंब रविवार

तपशील लिहून ठेवतो, विसरायला नको.

घोषणा, वाढदिवस, महिला मंडळाचं गीत यात वेळ गेला. पाळकसाहेबांनी माझ्याजवळ येऊन हळूच सांगितलं, ब्रदर, आठ मिनिटांत आटपा. वीस मिनिटांचं आठ मिनिटांत बसवायचं तर उदाहरणं गाळावी लागतात. मुद्दे गेले, ग्राफ राहिला. चार्टपेपर उलटा धरला होता हे तिसऱ्या मिनिटाला लक्षात आलं. उलटी रेघ वर चढत होती. लोक गंभीरपणे बघत होते.

मग प्रात्यक्षिक. मुलं पुढं आली. मी विचारलं, आज सायकलीचा नंबर कुणाचा?

आशेर म्हणाला, "कुणाचाच नाय. ती दोन आठवड्यांपासून पंक्चर आहे."

हसू आलं लोकांना. मंडळीत हसरं वातावरण चांगलं.

शेवटी काही प्रश्न, असं पाळकसाहेब म्हणाले. मागच्या बाकावरच्या एका आंटींनी विचारलं, लीलाबाई सिस्टर दिसत नाहीत दोन रविवार, तब्येत बरी आहे ना?

मी म्हणालो, "आम्ही आईला जालन्याला पाठवलंय. धाकट्या भावाकडं. वाटून घेणं शेवटी घरापासूनच सुरू होतं."

टाळ्या झाल्या. आठ मिनिटांतल्या सगळ्यात मोठ्या. पाळकसाहेबांनी हात हातात घेतला. पहिल्या बाकावरून मिमी माझ्याकडं बघत होती.

घरी येताना स्कूटरवर मागून तिनं विचारलं, पप्पा, आजीला आपण पाठवलं का ती गेली?

मी म्हणालो, मराठीत दोन्ही चालतं.

  सायकल रिक्षातून वेगळी आली.

१४ जुलै

बोर्ड काढला. भिंतीत खिळ्याची दोन भोकं राहिली. फोटो परत लावला, तर ती भोकं फोटोच्या बाहेर येतात.

सायकलीचं पंक्चर काढून आणलं. मुलांना सांगितलं, आता कसलेच नियम नाहीत. दोघं खाली गेली. अर्धा तास वाट बघितली, तक्रार आली नाही. गॅलरीतून वाकून बघितलं. सायकल भिंतीला टेकलेली. दोघं पायरीवर बसून चतुराबाईंच्या मांजरीला चिवडा खाऊ घालत होती. एकाच पुडीतून.

यात माझं काही नाही. लिहून ठेवतो.

१७ जुलै, गुरुवार, सकाळी ९

योएलचा फोन. मुलगी झाली. पहाटे, तीन आठवडे आधी. वजन कमी आहे, पण रडली मोठ्यानं. दीपमाला बरी आहे. काल दुपारी आईनंच ती नळी लावून ठोके ऐकले आणि म्हणाली, रिक्षा बोलवा, आत्ता. डॉक्टर म्हणाले, अजून दोन तास थांबला असतात तर सांगता येत नव्हतं.

वेळापत्रकाप्रमाणे हा आठवडा हिरवा होता. इथला.

डबा घेऊन कंपनीच्या बसमध्ये बसलो. लोणचं विसरलं.

२० जुलै, रविवार

उपासनेनंतर सगळे बसनं जालन्याला. दवाखान्याच्या खोलीत दीपमालाच्या माहेरची माणसं होती, योएलचे सासरे वगैरे. योएल मला बघून उठला. दाढी वाढलेली, डोळे लाल, पण चेहरा असा की मी तसा त्याचा कधी बघितला नव्हता. त्यानं माझा हात धरून सगळ्यांना सांगितलं, "हा माझा दादा. यानंच आईला पाठवलं. नाहीतर आज काय झालं असतं."

त्याच्या सासऱ्यांनी मला दोन्ही हात जोडले.

आई पलंगापलीकडं बाळाचं अंग पुसत होती. तिनं मान वर केली नाही.

बाळ आधी मुलांना दाखवलं. मिमी म्हणाली, आशेर, तू आधी बघ, तू बुटका आहेस. आशेरनं बघितलं, आणि बाजूला झाला. कुणी वेळ लावली नव्हती. मग आईनं बाळ माझ्या हातात दिलं. एवढंसं. कंपनीत यापेक्षा जड पार्ट मी एका हातानं उचलतो. हिला धरताना दोन्ही हात कमी पडले. आईनं खालून तिचा हात लावला आणि तसाच ठेवला. मी विचारणार होतो, कधी येतेस. विचारलं नाही.

थोड्या वेळानं योएल चहा आणायला निघाला. मी त्याच्यामागं जिन्यापर्यंत गेलो. काय बोलायचं ते बसमध्ये ठरवलं होतं. तीन मुद्दे होते. पहिलाच काढला. म्हणालो, "योएल, ते प्रवास झेपत नाही म्हणून... ते आई नव्हती म्हणाली."

"माहीत आहे, दादा," तो म्हणाला. "तवाच कळलं होतं. आई चौतीस वर्षं पायावर उभी होती, तिला बस काय करणार."

मी विचारलं, मग आत सगळ्यांसमोर तसं का सांगितलंस.

तो म्हणाला, सासरे होते ना. मग दोन पायऱ्या उतरून थांबला आणि विचारलं, तुला साखर किती?

अठरा वर्षं आम्ही एका खोलीत झोपलो. त्याला माहीत नव्हतं. त्याला किती लागते ते मलाही माहीत नव्हतं. म्हणालो, तुझ्याइतकीच.

चहा फार गोड होता. पूर्ण प्यालो.